मेंदूतील धमन्यांचे चित्र घडवायचे की वाचायचे?

पत्र : माझ्या दिरांच्या मेंदूची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) झाली. अहवालात ‘पर्सिस्टंट ट्रायजेमिनल आर्टरी’ असे आले. ती त्रिमित चित्रे पाहिल्यापासून बारावीतली माझी मुलगी हेच शिकायचे म्हणते. त्यासाठी कोणता कोर्स करावा?

उत्तर : ताई, त्या तपासणीमागे दोन वेगळ्या व्यवसायांतील माणसे असतात. त्यांपैकी कोणाचे काम मुलीला खुणावते आहे, हे आधी पाहावे.

पहिला तंत्रज्ञ. कोपराजवळच्या शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उजळवणारे द्रव्य) सेकंदाला साधारण ४ ते ५ मिलिलिटर वेगाने सोडले जाते. ते मानेतल्या धमनीत पोहोचताच स्कॅन सुरू व्हावा लागतो, कारण काही सेकंद उशीर झाला तरी शिराही उजळतात आणि बारीक धमन्या त्यांच्या गर्दीत हरवतात.

दुसरा रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे ही चित्रे वाचून अहवाल देणारा डॉक्टर. दिरांच्या अहवालातली ‘पर्सिस्टंट ट्रायजेमिनल आर्टरी’ ही कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी) आणि बॅसिलर (मेंदूच्या मागच्या भागाची) या धमन्यांना जोडणारी वाहिनी एरवी गर्भावस्थेतच विरून जाते. हजारात सुमारे १ ते ६ जणांत ती टिकून राहते. बहुतेकांना तिचा त्रास होत नाही, परंतु नाकावाटे पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला ती आधीच ठाऊक असावी लागते. ती कवटीच्या तळाच्या हाडालगत असल्याने त्रिमित चित्रासाठी संगणकाने हाड वगळताना तिचा तुकडाही पुसला जाऊ शकतो. म्हणून रंगीत चित्र कितीही देखणे असले, तरी रेडिऑलॉजिस्ट स्कॅनचे मूळ करडे काप (मेंदूच्या एकेका छेदाची चित्रे) तपासल्याशिवाय अहवाल देत नाही.

तंत्रज्ञ होण्यासाठी बारावी विज्ञानानंतर मेडिकल इमेजिंगची बी.एस्सी. किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी) करता येते. मात्र सीटी विभागात प्रत्यक्ष काम मिळते का, हे प्रवेशापूर्वी विचारावे. डॉक्टरकीची वाट लांब आहे : नीट, साडेपाच वर्षे एमबीबीएस, ३ वर्षे रेडिऑलॉजीतील एमडी आणि मेंदूच्याच प्रतिमांत विशेष प्रावीण्य हवे असल्यास आणखी ३ वर्षे डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी), जे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत करता येते. नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून पहिल्या वाटेकडे वळवू नका. ते काम तितक्याच जबाबदारीचे आहे आणि ते मनापासूनच निवडले जावे.

तपासणीची सीडी घरी असेल, तर दिरांच्या संमतीने मुलीला ती संगणकावर उघडून द्या आणि रंगीत चित्र बाजूला ठेवून करड्या कापांत ती धमनी शोधायला सांगा. त्या शोधात ती तासभर रमली, तर नीटची तयारी नेटाने करू द्या. हे काप यंत्राने घेतले कसे, हेच ती पुन्हा पुन्हा विचारू लागली, तर इमेजिंगच्या महाविद्यालयांची चौकशी आत्तापासूनच सुरू करा.