फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत हार्मोन रोखणारी गोळी आईला सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६१, फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज, आणि सिगारेटला कधी हातही लावलेला नाही. बायकांमध्ये इस्ट्रोजेन अडवलं तर केमो जास्त लागू पडते असं वाचून लेट्रोझोल सुरू करावी का, हा तुमचा प्रश्न. स्वतःहून सुरू करू नका. मी डॉक्टर नाही, केमोची औषधं तयार करणारी फार्मासिस्ट आहे. पण ही विचारणा आमच्या खिडकीवर वरचेवर होते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही वाचलंत ते निराधार नाही. फुप्फुसाच्या बऱ्याच गाठींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर (पेशीत हा हार्मोन जिथे चिकटतो त्या जागा) सापडतात, विशेषतः बीटा प्रकारचे. काही गाठींत अ‍ॅरोमाटेज हे इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइमही असतं. अमेरिकेत पाळी गेलेल्या १६,६०८ बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचं २००९ साली आलेलं विश्लेषण मला आजही अस्वस्थ करतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने ७३ जणी गेल्या, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या गटात ४०. म्हणून आई पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी हार्मोनची कुठलीही गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना आजच सांगा.

पण हार्मोन घेऊन नुकसान होतं म्हणून ते रोखलं की फायदा होईलच, असं नाही. फ्रान्समध्ये याच विचारातून पाळी गेलेल्या बायकांवर चाचणी झाली. जेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब या टार्गेटेड गोळ्यांना इस्ट्रोजेन अडवणाऱ्या फुल्वेस्ट्रंटच्या इंजेक्शनची जोड दिली. आजार काबूत राहण्याचा काळ काही वाढला नाही. केमोसोबत हार्मोन रोखणारी औषधं देऊन पाहिली ती प्रयोगशाळेत, उंदरांवर आणि अगदी छोट्या चाचण्यांत. तेवढ्यावर कुणी नेहमीच्या उपचारात ती देत नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर हार्मोनविरोधी औषध हाच उपचाराचा कणा. तिथेही टॅमॉक्सिफेन साधारणपणे केमो संपल्यावर देतात. केमो वाढत्या पेशींवर घाव घालते आणि ही औषधं पेशींची वाढच मंदावतात, त्यामुळे एकत्र दिली तर एकमेकींच्या आड येतील ही भीती असते. शिवाय टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधावर असताना तो धोका मुळातच जास्त असतो. लेट्रोझोलने गुठळ्यांचा धोका तितका नसतो, पण सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होतात. चौथ्या स्टेजला हाडात आजार पसरलेला असेल तर ते परवडणारं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक काका लेट्रोझोलची पट्टी हातात घेऊनच आले होते. शेजारणीलाही "फुप्फुसाचाच" कॅन्सर, ती या गोळीवर चार वर्षं नीट आहे, मग माझ्या बायकोला का नाही? मी म्हटलं, जमलं तर शेजारणीचा बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा. केमोच्या पुढच्या सायकलला ते तो घेऊन आले. शेजारणीचा मूळ कॅन्सर स्तनाचा होता आणि तिथून फुप्फुसात पसरला होता. तिची गोळी बरोबरच होती. काकांच्या बायकोचा आजार मात्र फुप्फुसातच सुरू झालेला. ते बराच वेळ बाकावर बसून राहिले. मलाही काही बोलायला सुचलं नाही.

तुमच्या आईंना पूर्वी स्तनात गाठ झाली असेल, ऑपरेशन झालं असेल, भले वीस वर्षांपूर्वी, तर ते डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. मूळ कुठलं हे पॅथॉलॉजिस्ट टीटीएफ-१, गाटा-३ अशा मार्करवरून (पेशीतल्या ओळख पटवणाऱ्या प्रथिनांवरून) ठरवतात. एकट्या इस्ट्रोजेन रिसेप्टरवरून ठरत नाही, कारण तो फुप्फुसाच्या गाठीतही निघू शकतो.

आणि जोडीच्या उपचाराची आशा धरायची असेल तर ती म्युटेशनच्या, म्हणजे गाठीच्या जनुकांतल्या बदलांच्या, रिपोर्टवर धरा. सिगारेट न ओढलेल्या आपल्याकडच्या बायकांमध्ये ईजीएफआर म्युटेशन बऱ्यापैकी सापडतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे म्युटेशन असलेले ३५० रुग्ण घेऊन चाचणी झाली. निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. नुसत्या जेफिटिनिबवर आजार सरासरी ८ महिने थांबला, सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमो दिल्यावर १६ महिने. त्रासही वाढला: गंभीर दुष्परिणाम एकेरी गोळीवर पाव रुग्णांना, जोडीवर निम्म्या रुग्णांना. त्यामुळे आईंची ताकद किती आहे ते पाहूनच डॉक्टर ठरवतील. पुढे ओसिमर्टिनिब या टार्गेटेड गोळीसोबत केमो देऊनही असाच फायदा दिसला.

ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांच्या तपासण्या झाल्यात का, ते तुमच्या प्रश्नात नाही. फाइलमध्ये बघा. झाल्या नसतील तर ज्या लॅबमध्ये बायोप्सी तपासली तिथे मेणाचा ब्लॉक जपून ठेवलेला असतो. बहुतेकदा त्यावरच तपासणी होते, आईंना पुन्हा सुई टोचावी लागत नाही. पुढच्या सायकलआधी ब्लॉक कुठे आहे तेवढं फोन करून विचारून घ्या.