खंजिरी शेवटपर्यंत वाजू दे

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुम्ही चौघांनी पाठवलेली आठही गाणी मी तीनदा ऐकली. एकदा हेडफोन लावून, एकदा स्वयंपाकघरातल्या लहानशा स्पीकरवर, आणि एकदा सीताबर्डीहून घरी येताना गाडीच्या काचा उघड्या ठेवून, कारण आपल्याकडचे बहुतेक श्रोते गाणे असेच ऐकतात. तुमचा पहिला अल्बम गिटार, बासरी आणि तुझा आवाज एवढ्यावर उभा होता. या वेळी सिंथेसायझर आहे, इलेक्ट्रॉनिक ठेका आहे, आणि शेवटच्या गाण्यात खंजिरीसुद्धा आहे. 'इतके बदललो तर लोक आम्हाला ओळखतील का?' असे तू विचारले आहेस. स्पष्ट लिहितो, रागावू नकोस. आठपैकी पाच गाण्यांत तुम्ही बदललेलेच नाहीत, त्यामुळे त्या पाचांपुरती तरी ही काळजी सोडून दे.

मला काय म्हणायचे आहे ते बीटल्स या चौघांच्या इंग्रज बँडच्या, 'रबर सोल' आणि 'रिव्हॉल्व्हर' या दोन अल्बमांवरून सांगतो. डिसेंबर 1965 मध्ये आलेल्या 'रबर सोल'मधल्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात सतार वाजली आणि पाश्चात्त्य पॉप संगीतात तिचे फार कौतुक झाले. पण ते गाणे नीट ऐक. गिटारवर बांधलेली चाल आहे, आणि सतार त्याच चालीचे सूर तिच्यावरून गिरवते. सतार काढून टाकली तरी गाणे जसेच्या तसे उभे राहते. चारच महिन्यांनी, एप्रिल 1966 मध्ये, 'रिव्हॉल्व्हर'साठी बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचे 'लव्ह यू टू' ध्वनिमुद्रित झाले. तिथे सुरुवातीला लय नसलेली, आलापासारखी सतार आहे, मग तबला येऊन लय बांधतो, आणि सगळी चाल एका स्थिर षड्जाला धरून फिरते. यातून सतार आणि तबला काढले तर हाती काहीच उरत नाही. तबलावादक अनिल भागवत यांचे नाव 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर छापलेले आहे, आणि ते आडनाव वाचताना माझ्यासारख्या मराठी माणसाची नजर दरवेळी तिथे थबकते. हॅरिसनची आणि पंडित रविशंकर यांची भेट त्यानंतर जूनमध्ये झाली, आणि शिकण्यासाठी तो मुंबईला आला तो सप्टेंबरमध्ये. म्हणजे शिक्षण पुरे होण्याची वाट न पाहताच त्याने हे धाडस केले होते.

त्याच अल्बममधल्या 'एलिनॉर रिग्बी'त चौघांपैकी एकानेही वाद्य वाजवलेले नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो आणि गळे, बस. 'टुमारो नेव्हर नोज'मध्ये त्यांनी स्वरसंगतीचे, म्हणजे कॉर्डचे, येणेजाणेच जवळजवळ सोडून दिले. एकच मूळ स्वर, न बदलणारा ड्रमचा ठेका, घरी बनवून आणलेल्या टेपच्या गोल फिती एकाच वेळी अनेक यंत्रांवर फिरत आहेत, आणि त्यांच्यातल्या जॉन लेननचा आवाज पुढे हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. पॉप गाण्याचा ज्याच्यावर भर असतो ती गोष्ट या प्रत्येक गाण्यात काढून घेतलेली आहे. एकात गिटारचा मुख्य आधार, दुसऱ्यात स्वतःचे वाजवणे, तिसऱ्यात स्वरसंगती. मी शैलीबदल ओळखतो तो यावरून. नवे काय आणले हे मी नंतर पाहतो, आधी कशाचा आधार सोडला ते शोधतो.

हे मला फुकट कळलेले नाही. नव्वदच्या दशकात मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवीत असे, आणि आम्ही काही जणांनी स्वतःच्या रचनांची एक कॅसेट काढली होती. ती बरी चालली, म्हणून दुसरी 'आधुनिक' करायची असे ठरले. मी कर्ज काढून ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, घेतला. चाली त्याच ठेवल्या, मुखडा, म्युझिक, अंतरा, पुन्हा म्युझिक हा साचाही तोच ठेवला, आणि ढोलकीचे बोल तेवढे पॅडवर बसवले. आमचा ढोलकीवाला ध्वनिमुद्रणाला आला होता. मांडीवर हात ठेवून तो सगळे ऐकत होता, आणि चहाच्या वेळी मला म्हणाला, "दादा, हा माझाच ठेका आहे, फक्त विजेवर चालतो." त्या कॅसेटचे दोन खोके माझ्या माळ्यावर अजून आहेत.

तुझे तिसरे गाणे ऐकताना मला तो चहा आठवला. सुरुवातीच्या आठ मात्रा सिंथेसायझर एकटा आहे, वातावरण छान जमते, आणि दुसऱ्या अंतऱ्याला भीती वाटल्यासारखी पहिल्या अल्बममधली गिटार तिच्या त्याच झणत्कारासह परत येते. ती कोणी आणली हे मी विचारत नाही. पण ती आल्याक्षणी कानाला समजते की खाली जुनेच गाणे आहे आणि सिंथेसायझर ही वरची चादर आहे. गिटार काढून ऐकून पाहा. गाणे लंगडत असेल तर चाल नव्याने बांधावी लागेल, आणि पाचही गाण्यांसाठी तुम्हाला ही परीक्षा द्यावी लागेल.

खंजिरीबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण खरा बदल तिथे दडलेला आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. सध्या ती सुरुवातीला दोन आवर्तने वाजते आणि ठेका सुरू झाला की नाहीशी होते. ही तुमची 1965 ची सतार झाली. विदर्भात खंजिरी म्हटले की डोळ्यांसमोर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज येतात, आणि तुमच्या वादकाने ती वाजवायला घेतली याचे कारणही तेच असणार. मग त्या भजनाची बांधणी कशी असते याकडे लक्ष दे. एकटा गळा ओळ टाकतो, बसलेले सगळे ती उचलतात, ओळ पुन्हा येते तेव्हा लय किंचित चढलेली असते, आणि खंजिरीचा हात त्या चढाबरोबर घट्ट होत जातो. पुढे कुठली ओळ किती वेळा घ्यायची हे गाणारा जागेवर ठरवतो. तुझ्या गाण्यात संगणकाचा ठेका पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत एकाच गतीने चालतो, त्यामुळे खंजिरीला तिथे करण्यासारखे कामच उरत नाही. आधी खंजिरी आणि तुझा आवाज एवढेच, ठोक्याची टिकटिक न लावता, एका दमात ध्वनिमुद्रित करा. लय चढू द्या. तिघांनी ओळ झेलावी. इलेक्ट्रॉनिक आवाज त्यानंतर, त्या चढत्या लयीच्या मागे लावत जा. काम किचकट आहे, दोन दिवस जातील. पण ते गाणे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचे वाटणार नाही.

क्रमाबद्दल तुम्हा चौघांत वाद आहे असे लिहिले आहेस. 'रिव्हॉल्व्हर'साठी सर्वांत आधी, 6 एप्रिल 1966 रोजी, हाती घेतलेले गाणे 'टुमारो नेव्हर नोज' होते, आणि अल्बममध्ये ते सर्वांत शेवटी ठेवले. रेडिओहेड या इंग्रज बँडने उलट केले. 1997 च्या 'ओके कॉम्प्युटर'ने त्यांना गिटारचा बँड म्हणून जगभर नाव दिले होते, आणि ऑक्टोबर 2000 मध्ये आलेल्या 'किड ए'चे पहिलेच गाणे कीबोर्डवर आणि तुकडे केलेल्या आवाजावर उभे आहे. मला विचारशील तर खंजिरीचे गाणे पहिले ठेवा. तुमचा श्रोता तीस सेकंदांत पुढच्या गाण्यावर जातो. त्याच्यासाठी शेवटपर्यंत राखून ठेवलेले गाणे म्हणजे कधीच न ऐकलेले गाणे.

तुमचा गिटारवाला रुसला आहे हे तू एका ओळीत उरकलेस, पण ती ओळ मी दोनदा वाचली. 1990 च्या शरदात यू टू या आयरिश बँडचे चौघे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले तेव्हा गायक आणि गिटारवादकाला इलेक्ट्रॉनिक, नाचाच्या ठेक्याचे संगीत हवे होते, आणि ड्रम व बास वाजवणाऱ्यांना ते पटत नव्हते. बँड फुटण्याच्या बेतात होता. दुसऱ्याच गाण्यावर काम चालू असताना 'वन'ची चाल निघाली, आणि पुढच्या वर्षी 'आख्तुंग बेबी' हा अल्बम पूर्ण झाला. तुमच्याकडे असे काही आपोआप घडेल या भरवशावर राहू नका. रेडिओहेडमधल्या जॉनी ग्रीनवुडने गिटार बाजूला ठेवून ओंद मार्तनो हे जुने फ्रेंच विद्युत वाद्य हाती घेतले होते. तुमच्या गिटारवाल्यालाही असे दुसरे काही वाजवायला द्या. ज्याच्या हातातले वाद्य आपण काढून घेतो, त्याला रिकाम्या हाताने बसवू नये. माझा ढोलकीवाला त्यानंतर आमच्याकडे कधी आला नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, चार महिने कार्यक्रम बंद ठेवावेत का. माझे आजोळ काटोलचे, घरची संत्र्याची बाग होती. अंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर मामा हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडत. पाने मलूल व्हायची, काही गळायची, आजी चिडायची, आणि पाणी सोडल्यावर झाड फुलांनी भरून यायचे. ताण म्हणतात त्याला. पण किती ताण द्यायचा हे जमिनीवर अवलंबून असते, आणि हलक्या जमिनीत तो लांबवला तर झाडच जाते. बीटल्सनी 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला, त्यात तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या 'रिव्हॉल्व्हर'मधले एकही गाणे नव्हते, आणि नंतर त्यांनी दौरेच सोडले. त्यांना ते परवडत होते. तुम्हा चौघांत दोघांच्या घरी गणपतीतल्या कार्यक्रमांच्या पैशाची वाट पाहिली जाते, हे मला माहीत आहे. तेव्हा गणपतीचे कार्यक्रम घ्या, लोक मागतील ती जुनी गाणी मन लावून वाजवा, आणि दिवाळीपर्यंत पुढचे काही घेऊ नका. त्या मधल्या आठवड्यांत पाच गाणी मोडून पुन्हा बांधता येतील.

रविवारी सकाळी सगळे माझ्याकडे या. तर्री-पोहे घरी होतील. सगळे एकत्र केलेले मिक्स आणू नका, प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा आणा, आणि सातव्या गाण्यातला तो पसरट कीबोर्ड आधीच बंद करून आणा, कारण त्याच्याखाली मुखड्याच्या आधी तू घेतलेला श्वास बुडाला आहे आणि मला तो ऐकायचा आहे. गिटारवाल्याला खंजिरी घेऊन यायला सांग.

तुझा,
काका