प्लेस्टेशन 2 चा जुना कंट्रोलर लॅपटॉपला जोडता येईल का?

हो, नक्की येईल, आणि त्यासाठी वायर कापायची काहीच गरज नाही. त्याच्या प्लगला 9 पिना असतात, त्यामुळे तो थेट यूएसबीत बसत नाही. मधे ‘पीएस2 टू यूएसबी’ कन्व्हर्टर लावावा लागतो.

लावायच्या आधी प्लगमध्ये टॉर्च मारून बघा. आमचं घर ठाण्यात खाडीच्या बाजूला आहे. चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या आमच्या कंट्रोलरच्या पिना हिरवट झाल्या होत्या. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसल्या, वाळू दिल्या, मग जोडला. पिना वाकवू नका, नव्या बसवणं कटकटीचं आहे.

जोडल्यावर विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ शोधा. तिथे प्रॉपर्टीज उघडून एकेक बटण दाबा, स्क्रीनवर त्याचा आकडा उजळतो. स्टिक नीट चालत नसतील तर मधलं ‘अ‍ॅनालॉग’ बटण दाबून लाल दिवा लावा. बरेच जण इथेच अडकतात आणि चांगला कंट्रोलर भंगारात देतात, फार वाईट वाटतं.

आता खरी अडचण. हे कन्व्हर्टर बहुधा जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीने बोलतात, नव्या गेम्सना एक्सबॉक्सचा एक्सइनपुट लागतो. स्टीम (गेम्स विकत घ्यायचं आणि चालवायचं अ‍ॅप) असेल तर त्याच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये बटणं एकदा नेमून द्या. नसेल तर ‘एक्स360सीई’ हे फुकट सॉफ्टवेअर तेच काम करतं. एम्युलेटरला, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम्स लॅपटॉपवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र यातलं काही लागत नाही, बटणं त्याच्याच सेटिंगमध्ये ठरवता येतात.