भावना दुखावल्या, एवढं पुरत नाही

पोरी,

तुझा मेसेज वाचला. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री म्हटलेल्या बाबावरच्या कवितेचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवरून काढू का, भावना दुखावल्या म्हणणाऱ्या मंडळाला माफीनामा लिहून देऊ का, असं विचारतेस. कविता कशी झाली ते सांगत बसत नाही, तुला ठाऊक आहे. माफीनामा लिहायचा नाही.

भावना दुखावल्या एवढ्यानं गुन्हा होत नाही. राज्यघटनेच्या १९(२) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची कारणं मोजून दिली आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याची चिथावणी, न्यायालयाचा अवमान वगैरे. दुखावलेली भावना त्या यादीत नाही. तुला ज्या कलमाची भीती घातली, ते भारतीय न्याय संहितेचं २९९. त्यात जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान केल्याचं सिद्ध करावं लागतं. तू लिहिलंस भूत उतरवायचे पैसे घेणाऱ्या बाबावर आणि दवाखान्यात उशिरा पोचलेल्या बाईवर. असल्या धंद्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१३ मध्ये कायदा केला. गाडगेबाबांनी याच मुलखात कीर्तनात उभं राहून नवसाच्या बोकडावरून लोकांना तोंडावर विचारलं. तेव्हा कोणाला झोंबलं नसेल?

आणि झोंबणं मोजायचं कोणाच्या मापानं? १९४६ मध्ये नागपूरच्या हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या मापानं बघावा, जिथंतिथं धोका हुंगणाऱ्याच्या मापानं नव्हे. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कवी इम्रान प्रतापगढींवरचा गुन्हा रद्द करताना तेच माप पुन्हा लावलं. तोही एका कवितेवरूनच होता.

आता राग येईल असं सांगतो. तिसऱ्या कडव्यात त्या बाबाच्या जातीवरून मारलेला टोमणा आजच काढ. तो आदिवासी आहे, तू नाहीस. चारचौघांत जातीवरून अपमान करणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. त्यानं काय केलं ते बोल; कोणाच्या पोटी जन्मला ते काऊन काढतेस? त्या ओळीपुरती माफी त्याच्या दारी जाऊन माग. कवितेची नाही. मंडळाची तर मुळीच नाही.

माय म्हणते, गावात राहायचं आहे, मिटवून टाक. माझ्या घरीही असंच म्हणाले होते. खताच्या वाटपावर मी एका साप्ताहिकात लिहिलं, कागद हातात होते, तरी बदनामीची केस झाली. दोन ओळींची दिलगिरी दिली असती तर संपलं असतं. दिली नाही. तारखा चालत राहिल्या, थोरल्या भावानं पोळ्याला येणं बंद केलं, आणि तो गेला तेव्हाही आमचं बोलणं नव्हतं. ते सलतं, रोज सलतं. पण ती ओळ खरी होती. खऱ्या ओळीबद्दल दिलगिरी दिली असती तर पुढं पक्षकारासमोर कोणत्या तोंडानं बसलो असतो? मला हट्टी म्हणणाऱ्यांनी ते कागद एकदा तरी वाचायचे होते.

तुझ्या आतेभावाला सांग, ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे म्हणून थरथरू नको. गोंदियाच्या प्रकरणात हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याच्या पोस्टसाठी नुसता अ‍ॅडमिन म्हणून कोणी दोषी होत नाही. दोघांचा मिळून तसा बेत असावा लागतो.

ठाण्यातून फोन आला तर लेखी नोटीस माग. साक्षीदार म्हणून जबाबासाठी बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, त्यांनी घरी यायचं. नोटीस कोणत्याही कलमाची असो, आधी मला फोटो पाठव. नोटीस बाजूला टाकून बसायचं नाही. आणि मूळ व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नको, कोणी कितीही म्हणो. एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन शनिवारी तालुक्याला ये, तिसरं कडवं नव्यानं लिहून आण.

तुझा,
वकील काका