सोडून गेलेल्यांना आधी फोन कर

तुझी लांबलचक मेल वाचली. पक्षाघाताच्या पेशंटांच्या हातासाठी तू बनवलेल्या चार्जिंगवरच्या हातमोज्याची दुसरी आवृत्ती करावी की आधी पेपर लिहावा, इंजिनिअर म्हणूनच पुढे जावं की थेरपीकडे वळावं, गाइडचं किती ऐकावं. या सगळ्याच्या मधोमध तू एक वाक्य सहज टाकून दिलं आहेस: मोज्याच्या चाचणीतून काही पेशंट मधेच सोडून गेले, त्यांना विश्लेषणातून काढून टाकू असं सर म्हणतात. मी तिथेच थांबले. बाकीचं नंतर बघू. त्यांना फोन कर.

कोण सोडून जातं याचा विचार केलास का? पक्षाघातानंतर अनेकांची मूठ ताठरपणामुळे आवळलेली राहते. त्या हातात मोजा चढवायचा तर एकेक बोट उलगडावं लागतं, आणि पेशंटचा एकच हात चालत असल्याने ते बहुधा दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. म्हणजे ज्यांचा हात जास्त अडलेला, ज्यांच्या घरी दिवसा कुणी नसतं, ज्यांना चार्जिंगची पिन एका हाताने लावता येत नाही, ते आधी गळतात. उरतात ते सुधारण्याची शक्यता मुळातच जास्त असलेले. मग शेवटी फ्यूगल-मायरची, म्हणजे पक्षाघातानंतर हालचाल किती परतली ते मोजणाऱ्या गुणांची, सरासरी वर गेलेली दिसते आणि आपण खूश. त्यातली किती वाढ मोज्यामुळे आणि किती गळतीमुळे, हे तुझ्या तक्त्यातून कधीच कळणार नाही. संख्याशास्त्रवाले सांगतील, ‘इन्टेन्शन-टू-ट्रीट’ कर, ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात मोज. करच. पण गेलेल्यांचं शेवटचं मोजमापच नसेल, तर ते आकडेही काहीतरी गृहीत धरून भरावे लागतात. माणूस का गेला, हे कुठलंही सूत्र सांगत नाही. फोन सांगतो.

१९९३ मध्ये फिलिप्स आणि झाओ यांनी अपंगत्व असलेल्या २२७ प्रौढांना त्यांच्या उपकरणांबद्दल विचारलं. २९.३ टक्के उपकरणं वापरातून साफ गेलेली होती. चार गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला: निवडताना वापरणाऱ्याचं मत न घेणं, उपकरण फार सहज हातात पडणं, त्याने नीट काम न करणं, आणि माणसाची गरजच बदलणं. हा पेपर तुम्ही सगळे प्रस्तावनेत उद्धृत करता आणि दुसऱ्या पानावर विसरता. तूही तेच केलं आहेस, मसुदा मी वाचलाय. अगं, तुझ्या गळालेल्या पेशंटांमध्ये त्या चारांपैकी काय होतं, हे तुला एका संध्याकाळी कळू शकतं!

आणि गळती म्हणजे फक्त डोकेदुखी असंही समजू नकोस. २०११ मध्ये आलेल्या लीप्स चाचणीत पक्षाघात झालेले ४०८ जण होते. एका बाजूला ट्रेडमिलवर शरीराचं वजन पट्ट्यांनी उचलून धरून चालण्याचा सराव, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले व्यायाम. वर्षाच्या शेवटी चालण्यातली सुधारणा जवळपास सारखीच. पण घरच्या व्यायामाच्या गटात अभ्यास सोडणारे सगळ्यात कमी होते. सुधारणा सारखी असताना लोक कशात टिकतात, हाच माझ्या मते त्या चाचणीतला कामाचा धडा होता. चर्चा मात्र यंत्र हरलं की जिंकलं याचीच झाली.

आता फोन कसा करायचा. आधी एथिक्स कमिटीला लिही. कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क आपणच संमतिपत्रात दिलेला असतो, म्हणून ज्यांनी संपर्कच नको म्हटलं त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्यांना तू स्वतः फोन करू नकोस. मोजा बनवणारी मुलगी समोर असली की लोक म्हणतात, छान होता हो, आम्हालाच वेळ झाला नाही. प्रयोगशाळेबाहेरचं कुणीतरी शोध. ‘का सोडलंत?’ हा प्रश्न नकोच, त्यात आरोप ऐकू येतो. मोजा आता घरात कुठे आहे? शेवटचा कधी घातला होता? कोण घालून द्यायचं? घातल्यावर कुठली कामं अडायची? मोजा घालून देणाऱ्या माणसाशीही बोलायला सांग, पुष्कळदा कंटाळलेलं तेच असतं. उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घे, ‘अनुपालनाचा अभाव’ अशा शब्दांत कोंबू नकोस.

सरांशी भांडू नकोस. एवढंच दाखव की कॉन्सॉर्टच्या, म्हणजे चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याच्या नियमावलीतल्या, प्रवाह-आकृतीत प्रत्येक गटातून किती जण गेले आणि का, हे लिहावंच लागतं. ‘का’ची जागा मोकळी ठेवून पेपर पाठवायचा का, असं विचार. मी भांडायचे. त्याने फार काही साधलं नाही, पण त्या वेळी दुसरं काही सुचायचंही नाही.

तू म्हणशील, यात वर्ष जाईल. जाईल कदाचित. माझी पेपरांची यादी माझ्या बरोबरच्यांच्या निम्मी आहे, ते विभागप्रमुख झाले, आणि माझ्या एका प्रस्तावावर परीक्षकाने शेरा मारला होता की ही समाजसेवा आहे, संशोधन नव्हे. तो शेरा मला आजही डाचतो. पण त्यांनी बनवलेली यंत्रं आज कुणाच्या अंगावर आहेत, हे मी विचारते तेव्हा उत्तर येत नाही. माझ्या साध्या स्प्लिंटबद्दल मला उत्तर माहीत असतं, कारण मी विचारत राहिले. हे कडवट वाटत असेल तर वाटू दे. मला पटलेलं आहे आणि या वयात मी ते सोडणार नाही.

इंजिनिअर की थेरपिस्ट, या प्रश्नावर माझ्याकडे खरंच काही नाही. दोन्हीकडचे तुला परकीच म्हणणार आहेत, त्याची सवय कर.

कमिटीचा अर्ज लिहिलास की मला दाखव, मी रात्रीतून वाचून देईन. दुसऱ्या आवृत्तीचं डिझाइन मात्र आत्ता पाठवू नकोस, मी ते उघडणार नाही.