समुद्रतळाचे ध्वनिमापन : भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीसाठी वाट

चोपडा येथील पालकांस सप्रेम नमस्कार.

आपली कन्या बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून, ध्वनिलहरींनी समुद्रतळाचा नकाशा काढून शिंपल्यांच्या साठ्याचा अंदाज बांधण्याच्या क्षेत्रात तिला जायचे आहे आणि ‘खानदेशातल्या मुलीचे समुद्रात काय काम?’ असे घरातली मंडळी विचारतात, हे आपल्या पत्रावरून समजले.

या कामाचा पाया भौतिकशास्त्राचाच आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. म्हणजे जहाजाखालून सोडलेली लहर 0.04 सेकंदात परतली, तर जाण्यायेण्याचे अंतर 60 मीटर झाले आणि तळ त्याच्या निम्म्यावर, 30 मीटरवर आहे. प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून तळाचे स्वरूपही कळते : मऊ चिखलावरून तो क्षीण येतो, खडीवरून जोरकस. स्कॅलॉप जातीचे शिंपले खडीच्या तळावर अधिक आढळत असल्यामुळे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अशा नकाशांचा मासेमारीसाठी चांगला उपयोग झाला आहे.

मात्र नकाशा शिंपले मोजत नाही. रिकाम्या कवचांचा थरसुद्धा जोरकस प्रतिध्वनी देतो. म्हणून ठिकठिकाणी तळाचा नमुना उपसून, चाळणीवर धुऊन, त्यातले जिवंत शिंपले मोजावे लागतात आणि दर चौरस मीटरची सरासरी त्या प्रकारच्या तळाच्या क्षेत्रफळाने गुणावी लागते. आपण शेतकरी आहात. निवडक प्लॉटांवरील पीक कापणी प्रयोगावरून संपूर्ण महसूल मंडळाचे उत्पादन ठरते, तसाच हा हिशेब आहे. त्यामुळे संख्याशास्त्र कच्चे राहिले, तर महागडे यंत्र हाती असूनही अंदाज फसतो.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातील पदवीचा आपण उल्लेख केला आहे. परंतु ती बारावीनंतरची चार वर्षांची पदवी असल्याने आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील सागरी भूभौतिकशास्त्राची एम.एस्सी. किंवा गोवा विद्यापीठातील सागरी विज्ञानाचा अभ्यासक्रम यांच्या पात्रतेच्या अटी तिने आताच वाचाव्यात. प्रवेश मिळाल्यास प्रबंधासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संधी मिळते का, हेही पाहावे.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. आपल्याकडे शिंपले बहुतांशी उथळ खाड्यांतून हातानेच वेचले जातात, त्यामुळे केवळ याच कामावर पोट भरेल असे धरून चालू नये. पण बंदरे, समुद्राखालील वाहिन्या आणि केबल यांच्या सर्वेक्षणात हेच यंत्र आणि हेच कौशल्य लागते. जहाजावर सलग काही आठवडे राहावे लागेल, यावर मात्र प्रवेशापूर्वीच घरी मोकळेपणाने बोलून घ्यावे.