टेक्सासमध्ये हरणासाठी ठासणीचं पिस्तूल घ्यायचंय, सिंगल शॉट घेऊ की रिव्हॉल्व्हर?

सिंगल शॉटच घ्या, ५० कॅलिबरचं इनलाइन (म्हणजे दारू पेटवणारा प्रायमर नळीच्या मागे सरळ रेषेत असलेलं), सीव्हीए ऑप्टिमासारखं १४ इंची नळीचं, रिव्हॉल्व्हरच्या नादाला लागू नका. एक तर टेक्सासच्या वाइल्डलाइफ खात्याच्या नियमात सरळ लिहिलंय की दारू आणि गोळी सिलिंडरमध्ये भरायची असेल तर ती मझललोडर (नळीच्या तोंडातून ठासायची बंदूक) धरली जात नाही, म्हणजे खास मझललोडर सीझनला कॅप अँड बॉल रिव्हॉल्व्हर (सिलिंडरमध्ये सुटी दारू-गोळी भरून मागे कॅप लावायचं) चालतच नाही. आणि दुसरं म्हणजे ताकद, ४४ च्या रिव्हॉल्व्हरची गोल शिशाची गोळी जेमतेम १४० ग्रेन म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास, ५० च्या पिस्तुलात मात्र २५० ग्रेनची लांबट गोळी सहज जाते, ती आत खोलवर घुसते आणि व्हाइटटेल हरण पुढे झाडीत जखमी होऊन पळत नाही. (जुनी १८४७ ची कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हर ६० ग्रेन दारू घ्यायची, पण ती कमरेला लावून हिंडायची म्हणजे लोढणंच.)

घेताना एवढं बघा:
- २०९ प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) असावा, दमट हवेत साध्या कॅपपेक्षा भरवशाचा
- स्कोप बसवायची सोय
- दारू ब्लॅक पावडर किंवा तिचा पर्याय, मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच, स्मोकलेस (आधुनिक बिनधुराची दारू) अजिबात नाही, नळी फुटू शकते

फक्त तो मझललोडर सीझन टेक्सासच्या सगळ्या काउंट्यांमध्ये नसतो, तुमच्या काउंटीचं पान आधी बघा. आणि टेकू घेऊनसुद्धा ५० यार्डांच्या पुढे बार टाकू नका.